नवी गिटार, आणि तारेची झणझण

या वेळच्या प्रश्नांतली जवळपास प्रत्येक इलेक्ट्रिक गिटार खोक्यातून बाहेर येऊन महिनाही झालेला नाही. कारखान्यात तारा चढतात, वरवर ट्यूनिंग होतं आणि गिटार खोक्यात जाते. मग गोदाम, प्रवास, बदलती हवा. तेवढ्यात लाकूड हलतं. त्यामुळे खाली आलेल्या तक्रारींपैकी बऱ्याच दोष नसून राहून गेलेलं काम आहे. काही मात्र खरे दोष आहेत, आणि ते ओळखता आले पाहिजेत.

हाताशी अर्धा मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), कापो (सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबणारी चिमटी), ट्यूनर आणि गिटारसोबत आलेल्या एलन की एवढं असू द्या. क्रम ठरलेला आहे: नव्या तारा, ट्यूनिंग, रिलीफ (नेकला असलेला हलका बाक), नट (तारा खुंट्यांकडे जाताना टेकतात ती खाचांची पट्टी), अ‍ॅक्शन (फ्रेट, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, यांपासून तारांची उंची), इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर खरा लागणं), शेवटी पिकअपची (तारांखालच्या, आवाज पकडणाऱ्या चुंबकांची) उंची. आधीची पायरी बदलली की पुढची आपोआप बिघडते, म्हणून उलटं जाऊ नका.

प्रश्न: सहाव्या (सर्वांत जाड) आणि पाचव्या तारेवर झणझण येते. मित्र म्हणतो ट्रस रॉड फिरव. फिरवू का?

मोजल्याशिवाय नाही. ट्रस रॉड म्हणजे नेकच्या आतला, तिचा बाक कमी-जास्त करणारा धातूचा दांडा. आधी अ‍ॅम्प लावून ऐका. हलकी अ‍ॅक्शन असलेल्या बहुतेक गिटारी अ‍ॅम्पशिवाय थोड्या झणझणतातच. ती झणझण अ‍ॅम्पमधून ऐकू येत नसेल आणि सूर मध्येच मरत नसेल, तर तिच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

अ‍ॅम्पमधूनही येत असेल तर ती कुठे येते ते बघा. निम्मं उत्तर तिथेच मिळतं. फक्त मोकळी तार झणझणते, पण पहिला फ्रेट दाबला की थांबते? नटची खाच जास्त खोल गेली आहे. पहिल्या चार-पाच फ्रेटवरच येते? नेक फार सरळ आहे, किंवा मागे झुकली आहे. सगळीकडे सारखी येते? सॅडल (बॉडीवरच्या ब्रिजमधले तारांचे टेकू) खाली आहेत. एकाच फ्रेटवर येते? मग दाबलेला नाही, त्याच्या पुढचा फ्रेट तपासा. सहावा दाबल्यावर झणझण आली तर बहुधा सातवा फ्रेट वर आलेला असतो.

आता रिलीफ मोजा. गिटार ट्यून केलेली आणि वाजवताना धरतो तशी मांडीवर उभी हवी. टेबलावर आडवी ठेवली की नेकच्या वजनाने माप बदलतं. पहिल्या फ्रेटवर कापो लावा, सहावी तार शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांतली फट फीलर गेजने बघा. ०.२ ते ०.३ मिमी असेल तर ट्रस रॉडला हात लावायचं कारण नाही. फट जवळजवळ शून्य असेल तर रॉड सैल करायचा, ०.४ च्या वर असेल तर कसायचा. एकेरी (नेक एकाच दिशेला ओढणाऱ्या) रॉडवर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने कसलं की नेक सरळ होते आणि फट कमी होते. दुहेरी (दोन्ही दिशांना ओढणाऱ्या) रॉडवरही बहुतेक वेळा तसंच, पण पहिल्या हालचालीनंतर पुन्हा मोजून खात्री करा. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. मग पुन्हा ट्यून करा आणि पुन्हा मोजा. काही नेक लगेच हलतात, काही दुसऱ्या दिवशीपर्यंत सरकत राहतात.

एलन की खाचेत पूर्ण बसली पाहिजे. एक नंबर लहान की घातली की रॉडच्या टोकावरच्या नटचे कोपरे झिजतात, आणि त्यानंतरची दुरुस्ती गिटारच्या किमतीला परवडत नाही. की जोर लावूनही हलत नसेल तर थांबा.

रिलीफ बरोबर असूनही झणझण असेल तर बाराव्या फ्रेटवर अ‍ॅक्शन मोजा. फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत सहाव्या तारेला २ मिमी आणि पहिल्या तारेला १.६ मिमी इथून सुरुवात करा. हात जोरकस असेल तर सहावीला २.२ सुद्धा चालतं. प्रत्येक सॅडलला उंचीचे दोन बारीक स्क्रू असतील तर दोन्ही सारखेच फिरवा, नाही तर सॅडल तिरकं बसतं. मधल्या तारांची सॅडल कडेच्यांपेक्षा किंचित उंच हवीत, कारण फ्रेटबोर्ड गोलसर आहे.

एकच फ्रेट वर आला असेल तर जुन्या प्लॅस्टिक कार्डाची सरळ कड शेजारच्या तीन फ्रेटांवर आडवी टेकवा. कड मधल्या फ्रेटवर डुलली की तोच दोषी. त्याचं टोक अंगठ्याने दाबा. खाली बसत असेल तर तो नुसता सुटला आहे, पातळ सुपरग्लूचा थेंब आणि क्लॅम्प पुरतो. बसत नसेल तर कानस लागेल, आणि कानशीनंतर माथा पुन्हा गोल करावा लागतो. ते काम पहिल्यांदाच करत असाल तर नव्या गिटारवर करू नका.

प्रश्न: मोकळ्या तारा ट्यूनरवर अचूक, पण ई आणि सी मेजर बेसूर लागतात. वर, बाराव्या फ्रेटच्या आसपास सगळं ठीक. एफचा बॅरे (एका बोटाने सगळ्या तारा दाबणं) तर दाबलाच जात नाही.

नट उंच आहे. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या नव्या गिटारीतला हा सर्वांत जास्त आढळणारा आणि सर्वांत कमी ओळखला जाणारा प्रकार. कारखान्यात खाचा मुद्दामच उथळ ठेवतात. खोल गेली तर नट बदलावा लागतो. उथळ राहिली तर तक्रार फक्त तुमची बोटं करतात. तार खाचेत जितकी उंच, तितकी ती पहिल्या फ्रेटपर्यंत खाली ओढावी लागते, आणि ओढली की ताणली जाऊन सूर चढतो. बाराव्या फ्रेटपर्यंत नटची ती उंची नगण्य होते, म्हणून वर सगळं ठीक वाटतं. अशा गिटारवर अनेकजण इंटोनेशन फिरवत बसतात आणि बाराव्या फ्रेटचंही वाटोळं करतात.

चाचणी: तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा आणि पहिल्या फ्रेटवर बघा. तार आणि फ्रेट यांत केसाएवढी फट हवी. बोटाने टिचकी मारली की बारीक ‘टिक’ ऐकू आलं पाहिजे. पुढे-मागे उजेड धरून फट ठळक दिसत असेल तर खाच खोल करायला वाव आहे.

त्यासाठी नटच्याच कानशी लागतात. प्रत्येक खाच तारेच्या जाडीपेक्षा किंचितच रुंद हवी. कानस हेडस्टॉकच्या (खुंट्यांच्या टोकाच्या) बाजूला थोडी झुकवा. तार खाचेच्या फ्रेटबोर्डकडच्या कडेवर टेकली पाहिजे. ती मागे कुठे तरी टेकली तर सतारीसारखी झणझण येते. दोन-तीन हात मारा, तार परत बसवा, ट्यून करा, बघा. कंटाळवाणं आहे, पण चार हात जास्त मारले की मागे येता येत नाही. खाच खोल गेलीच तर जुन्या नटची भुकटी आणि सुपरग्लू भरून पुन्हा कोरता येते. ती तात्पुरती सोय झाली. टिकाऊ उपाय नवा नट.

एक गोष्ट मात्र आधी तपासा. फ्रेटचा माथा उंच असेल आणि तार गरजेपेक्षा जोराने दाबली तरी सूर चढतो. हलक्या हाताने दाबून ट्यूनर पाहा, मगच कानस उचला.

प्रश्न: ट्रेमोलो (दांड्याने हलणारा ब्रिज) वापरला की ट्यूनिंग जातं. खुंट्या बदलू का?

खुंट्या बहुधा निर्दोष असतात. हा प्रयोग करा: तिसरी तार ट्यून करा, जोरात बेंड घ्या (दाबलेली तार बाजूला ओढा) आणि ट्यूनर बघा. मग ट्रेमोलोचा दांडा खाली दाबून सोडा आणि पुन्हा बघा. बेंडनंतर सूर उतरला आणि दांड्यानंतर चढला, तर तार नटमध्ये अडकते आहे. बेंड घेताना खुंटीकडची तार नटमधून पुढे येते आणि परत जात नाही. दांडा दाबला की नेमकं उलटं होतं. ट्यून करताना ‘टिंग’ आवाज येऊन सूर एकदम उडी मारतो, तोही याच खाचेचा. मऊ पेन्सिलीचं शिसं खाचेत घासा. तार सरकायला लागते. तरीही अडकली तर खाच अरुंद आहे. ९-४२ च्या बारीक तारांसाठी कोरलेल्या नटवर १०-४६ च्या जाड तारा चढवल्या की असं हमखास होतं.

तारा नव्या असतील तर आधी ताणून घ्या. प्रत्येक तार मधोमध बोटाने हलकेच वर ओढा, ट्यून करा; सूर उतरणं थांबेपर्यंत चार-पाच वेळा. खुंटीवर जाड तारांचे दोन-तीन आणि बारीक तारांचे तीन-चार वेढे, एकाखाली एक. वर बारा वेढे असतील तर ते सैलावतच राहणार.

आता ब्रिज. तरंगता ट्रेमोलो म्हणजे तराजू: एका बाजूला तारांचा ताण, दुसऱ्या बाजूला मागच्या स्प्रिंगांचा. सहा स्क्रूंच्या ब्रिजची मागची कड बॉडीपासून साधारण ३ मिमी वर असावी. तारा जाड केल्या की ती आणखी उचलली जाते, अ‍ॅक्शन वाढते, आणि लोक भलत्याच ठिकाणी शोध घेतात. मागचं झाकण काढा. स्प्रिंग अडकवलेल्या पट्टीचे दोन लांब स्क्रू अर्धा-अर्धा फेरा कसा, ट्यून करा, ब्रिज बघा, पुन्हा कसा. एक तार ट्यून केली की बाकीच्या उतरतात, म्हणून सगळ्या तीन-चार वेळा फिरून घ्याव्या लागतात. दांडा वापरतच नसाल तर ब्रिज बॉडीला टेकेपर्यंत पट्टी कसून टाका आणि तो विषय संपवा.

प्रश्न: सहाव्या तारेचं इंटोनेशन जमत नाही. सॅडल पार मागे गेलं तरी बाराव्या फ्रेटवर सूर चढाच.

नियम बरोबर पाळलात: दाबलेला सूर हार्मोनिकपेक्षा (बाराव्या फ्रेटवर बोट नुसतं टेकवून येणाऱ्या सुरापेक्षा) चढा असेल तर सॅडल नेकपासून दूर, उतरलेला असेल तर नेककडे. पण जुन्या तारेवर हे काम कधीच पूर्ण होत नाही. तार नवी आहे ना, ते आधी पाहा. मग पिकअप. नेककडचा पिकअप तारेच्या फार जवळ असेल तर त्याचं चुंबक जाड तारेला ओढतं, सूर थरथरतो आणि ट्यूनरचा काटा स्थिर होत नाही. शेवटचा फ्रेट दाबून तार आणि पिकअपमधलं अंतर सहाव्या तारेखाली २.४ मिमी आणि पहिलीखाली २ मिमीच्या आसपास ठेवा. सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचा) पिकअप याहून थोडा खाली गेला तरी बिघडत नाही.

एवढं करूनही सूर चढाच असेल तर सॅडलच्या स्क्रूवरची स्प्रिंग काढून अर्धी कापा, दोन-तीन मिलिमीटर मिळतात. तेही कमी पडले तर मोजणी करा. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत ३२४ मिमी असेल तर स्केल, म्हणजे नटपासून सॅडलपर्यंतची मूळ लांबी, ६४८ मिमी. पहिल्या तारेचं सॅडल साधारण त्याच अंतरावर किंवा मिलिमीटर-दोन मिलिमीटर मागे, सहावीचं आणखी काही मिलिमीटर मागे बसलं पाहिजे. तिथवर सॅडल पोचतच नसेल तर ब्रिज चुकीच्या जागी बसवला आहे. गिटार परत करा.

प्रश्न: अ‍ॅम्पमध्ये गुणगुण येते, तारांना हात लावला की थांबते. अर्थिंग खराब आहे का?

उलट, अर्थिंग चालू आहे म्हणूनच थांबते. सिंगल कॉइल पिकअप आजूबाजूच्या वीजवाहक तारांची ५० किंवा ६० हर्ट्झची गुणगुण पकडणारच. ती घालवण्यासाठीच गिब्सनमध्ये सेथ लव्हर यांनी १९५५ साली हंबकर (दोन कॉइलचा पिकअप) बनवला. मधला पिकअप उलटा गुंडाळलेला असेल तर पाच जागांच्या स्विचवर दुसऱ्या आणि चौथ्या जागी गुणगुण जाते. आतल्या खोबणीत तांब्याची टेप लावून ती अर्थला जोडली तर आणखी फरक पडतो.

हात लावूनही काहीच बदल होत नसेल तर ब्रिजची वायर सुटली आहे. गिटारला केबल लावा, मल्टिमीटरचं एक टोक ब्रिजला आणि दुसरं केबलच्या मोकळ्या प्लगच्या बाहेरच्या नळीला टेकवा. शून्याच्या जवळपास ओहम दिसले पाहिजेत. तारांमधून झिणझिण्या येत असतील तर मात्र गिटार बाजूला ठेवा, अ‍ॅम्प बंद करा आणि त्याची व सॉकेटची अर्थ वायर इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. तिथे प्रयोग नकोत.

प्रश्न: नेकच्या कडेने हात फिरवला की फ्रेटची टोकं टोचतात.

कोरड्या हवेत लाकूड आकसतं, धातू आकसत नाही. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राहील अशी जागा दिली तर थोडं आत जाईल. उरलेलं बारीक कानशीने: फ्रेटबोर्डवर मास्किंग टेप, कानस ३५ अंशांच्या कलाने, हात फक्त खालच्या दिशेने. कोरडा मोसम जाण्याआधीच घाईने कानसू नका.

प्रश्न: परत करायची मुदत चार दिवसांत संपते. काय असेल तर परत करावी?

नेक पिळलेली असेल तर. हेडस्टॉककडून डोळा लावून बघा: नट आणि ब्रिज यांच्या कडा एकमेकींना समांतर दिसल्या पाहिजेत. ट्रस रॉड पूर्ण कसूनही रिलीफ कमी होत नसेल तर. ब्रिजची जागा चुकली असेल तर. आणि फ्रेट एकदोन नव्हे, ठिकठिकाणी सुटले असतील तर.

पहिली तार फ्रेटबोर्डच्या कडेवरून घसरते, एवढ्यासाठी परत करू नका. नेक स्क्रूंनी बसवलेली असेल तर चारही स्क्रू अर्धा फेरा सैल करा, नेक हाताने पहिल्या तारेच्या दिशेला ढकला आणि परत कसा. तार आत येते. सॅडल अगदी तळाला टेकवूनही अ‍ॅक्शन उंचच असेल, तर नेक बसते त्या खोबणीत ब्रिजच्या बाजूला अर्धा मिलिमीटरची पट्टी ठेवली की नेक मागे झुकते. तेही घरी होतं. तिसऱ्या तारेवर एखादा सूर लवकर मरतो, बाकी सगळं ठीक, हा लाकडाचा स्वभाव आहे. दुसरी गिटार मागवली तर तिचा वेगळा सूर मरेल.

शेवटी भेगा. नेक बॉडीत बसते तिथली केसासारखी रेघ बहुधा नुसत्या पॉलिशमध्ये असते. हेडस्टॉकच्या मागे, नटच्या खाली तशीच रेघ दिसली तर तारा सैल करा, अंगठ्याने हेडस्टॉक मागून अगदी हलकेच पुढे दाबा आणि रेघेकडे बघत राहा. ती उघडली तर गिटार त्याच दिवशी खोक्यात.