अबोला नेमका कुठे होता?

"सहलीला निघालो की पहिल्या दिवशी वाजते आणि पुढे बोलायलाच काही उरत नाही. आमच्यात आता काही राहिले नाही, असे समजायचे का?" हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे वर्षातून अनेकदा येतो, आणि बहुधा सामान उघडायच्या आतच येतो. ज्या जोडप्याबद्दल लिहीत आहे, त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. नोकरीतल्या बदलामुळे ते व्हँकुव्हरहून विनिपेगला राहायला गेले. मुलगी जुलैच्या सुट्टीत नाशिकला आजीकडे होती, सामान ट्रकने पुढे गेले होते, आणि लग्नानंतर 14 वर्षांनी ही दोघेच एका गाडीत, ट्रान्स-कॅनडा महामार्गावर, सुमारे 2,300 किलोमीटरसाठी बसली होती. आमच्या भेटी व्हिडिओवर होत. माझे सकाळचे साडेसात म्हणजे त्यांचे रात्रीचे नऊ.

तिची तक्रार प्रेअरीबद्दल, म्हणजे कॅनडातल्या सपाट गवताळ मैदानांबद्दल होती. कॅल्गरी सोडल्यावर पर्वत हळूहळू मागच्या आरशात बुडतात आणि मग सरळ रस्ता, वर अफाट आकाश, दोन्ही बाजूंना फुललेला कॅनोला, म्हणजे आपल्या मोहरीचाच भाऊबंद, एवढेच उरते. स्विफ्ट करंट ते मूस जॉ या पावणेदोनशे किलोमीटरांत तो जेमतेम पाच वाक्ये बोलला, असे तिने मोजून सांगितले. मोजण्याची वेळ आली याचेच तिला जास्त वाईट वाटत होते.

त्या टप्प्यातले जे आठवते ते दोघांनी एकमेकांना न दाखवता लिहून काढावे, असे मी सुचवले. तिने लिहिले की रुळाकाठचे जुने लाकडी धान्यकोठार दिसल्यावर ती "ते बघ" म्हणाली, आणि त्याने न विचारता गाडी पुढच्या फाट्यावर वळवून तिला फोटो काढू दिला. त्याने लिहिले की तिने संत्रे सोलले, त्याला आवडत नाहीत म्हणून फोडींवरचे पांढरे धागे एकेक करून काढले आणि फोड त्याच्या तळहातावर ठेवली. संत्र्याचा उल्लेख तिच्या कागदावर नव्हताच. संत्रे सोलून देणे हेही बोलणेच, असे ती समजत नव्हती.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी अशाच लहानसहान हाकांचा, म्हणजे जोडीदाराचे लक्ष मागणाऱ्या शब्दांचा आणि कृतींचा अभ्यास केला. त्यांनी पाहिलेल्या नवविवाहितांपैकी सहा वर्षांनंतरही एकत्र असलेल्या जोडप्यांनी अशा हाकांना शंभरातल्या 86 वेळा प्रतिसाद दिला होता, तर विभक्त झालेल्यांनी 33 वेळा. (हे आकडे घेऊन घरी हिशेबाची वही उघडू नये, ही विनंती.) मराठीत शांतता आणि अबोला हे दोन वेगळे शब्द आहेत, ही आपली मोठीच सोय आहे. प्रेअरीत होती ती शांतता होती.

अबोला झाला होता तो त्याआधी, डोंगरात, आणि त्याबद्दल दोघेही "घाटात जरा वाजले, ते चालायचेच" एवढेच म्हणत होते. मला मात्र तिथे थांबावेसे वाटले. रॉजर्स पास ही त्या घाटातली खिंड साधारण 1,330 मीटर उंचीवर आहे. हिमस्खलनापासून रस्ता वाचावा म्हणून त्यावर जागोजागी काँक्रीटची छते बांधली आहेत, त्यामुळे लख्ख उन्हातून गाडी एकदम अंधारात शिरते. पुढे ट्रक, त्याला ओलांडण्याची घाई, आणि शेजारी बसलेली ती नसलेला ब्रेक पायाने दाबत होती. तिसऱ्यांदा "हळू घे ना" म्हटल्यावर तो म्हणाला, "तुला चालवता येत नाही, तेव्हा गप्प बस." पुढच्या गोल्डन गावापर्यंत मग कोणी बोलले नाही.

चालवणाऱ्याला वळण आधीच ठाऊक असते. शेजारच्याच्या शरीराला ते अचानक येऊन धडकते. तेव्हा तिची भीती हा त्याच्या कौशल्यावरचा आरोप नव्हता, हे त्याला लवकर पटले. त्याच्या त्या वाक्याचे तसे झाले नाही. ते आणखी कुठे म्हटले जाते, असे विचारल्यावर तिने घराचे कर्ज सांगितले, मुलीची शाळा सांगितली, सगळीकडे सूर तोच, "तुला त्यातले कळत नाही." "ही आमच्या घरची बोलायची पद्धत आहे," असे तो दोन भेटी म्हणत राहिला, तिसऱ्या भेटीत त्याने आपले वडील आईशी असेच बोलत असत हे सांगितले आणि बराच वेळ पडद्याकडे पाहिले नाही. माझ्या मते पावणेदोनशे किलोमीटरांच्या गप्प बसण्यापेक्षा हे एक वाक्य अधिक काळजीचे होते, आणि पुढचे दोन महिने आम्ही त्यावरच काम केले. "हळू" म्हटले की आधी वेग उतरवायचा आणि वाद पुढच्या पेट्रोल पंपावर घालायचा, एवढा नियम ठरला. ती गाडी शिकू लागली.

दिवाळीत मुलीच्या वर्गावरून ते वाक्य पुन्हा त्याच्या तोंडी आले, पण "तुला त्यातले" इथपर्यंतच. पुढचे त्याने गिळले, आणि गिळताना तिला ऐकू आले, असे तिने मला कळवले.