मशीन बुक करण्याआधी मुलाला विचारलंत का?

नमस्कार,

तुमच्या पानभर पत्रात मुलाचं म्हणणं एकाच ओळीत आलंय, तेही तक्रार म्हणून. बारावीला 52 टक्के पडले, 'आता याच्याने अभ्यास होणार नाही', म्हणून धातूवरचा वाळून कडक झालेला गोंद काढणारं लेझर मशीन घ्यायचं आणि त्याला लगेच कामाला लावायचं, हे तुम्ही ठरवूनच टाकलंय. मला विचारलंय ते फक्त छोट्या कोर्सचं नाव.

गुणांची मला फारशी काळजी नाही. धंदा चालला तर श्रेय वडिलांचं, बुडाला तर खापर मुलाच्या माथी, हे त्याला कळत असणार. 'तो काहीच बोलत नाही' असं तुम्ही लिहिता. बोलायला जागा कुठे ठेवलीत?

आणि 'रसायन नाही, म्हणजे धोका नाही' हे तुमचं म्हणणं तर साफ चूक. अशी बहुतेक यंत्रं 1064 नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा झोत सोडतात आणि वर्ग 4 मध्ये, म्हणजे लेझरच्या सर्वांत धोकादायक गटात मोडतात. झोत दिसतच नाही, त्यामुळे पापणी मिटत नाही. चकचकीत पत्र्यावरून उलटलेला किरणही दृष्टिपटल कायमचं जाळू शकतो. साधा काळा गॉगल इथे निरुपयोगी, त्याच तरंगलांबीसाठी प्रमाणित केलेला हवा. गोंदाचा होतो धूर. पॉलियुरेथेनचा गोंद जळला तर आयसोसायनेट आणि हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायूसुद्धा निघू शकतात. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, जागच्या जागी धूर ओढून गाळणारी यंत्रणा लागते. शिवाय इपॉक्सी नावाच्या पारदर्शक गोंदातून हा झोत बराचसा आरपार जातो, खालचा धातू तापतो, पातळ ॲल्युमिनियम वाकडं होतं. तिथे कदाचित 10,600 नॅनोमीटरचा कार्बन डायऑक्साइड लेझर बरा पडेल, कदाचित सॉल्व्हंट (गोंद मऊ करणारं द्रावक) आणि खरवडायला प्लास्टिकची पट्टी. हे ठरवायला आधी समोरचा पदार्थ कळावा लागतो.

आता ती ओळ. 'नुसता विचारत बसतो, घट्ट झालेला इपॉक्सी तापवल्यावर वितळत का नाही.' अहो, या कामाचं मर्म तेच आहे! इपॉक्सीचे रेणू एकमेकांत जाळ्यासारखे कायमचे बांधले जातात. खूप तापवलं की ते जाळं तुटतं, वितळत नाही. म्हणून लेझरलाही तो फोडून उडवावा लागतो. असा प्रश्न पडणाऱ्या मुलासाठी मी पॉलिमर (गोंद, प्लास्टिक यांसारखे पदार्थ) किंवा मटेरियल सायन्स, म्हणजे पदार्थांच्या गुणधर्मांचं शास्त्र, याचा विचार करेन. डिप्लोमा, प्रवेश परीक्षा यांची माहिती सहज मिळते.

मशीनची आगाऊ रक्कम दिली नसेल तर देऊ नका. लेझरचंच काम करायचं असं त्यानं स्वतः ठरवलं, तर लेझर सुरक्षा अधिकारी नेमलेल्या कारखान्यात आधी उमेदवारी करू दे. आणि पुढचं पत्र त्याला लिहू द्या.