खांद्याची शिवण : एक ओळ की दोन?

प्रश्न : माझे वडील ५८ वर्षांचे, किराणा दुकान चालवतात. घसरून उजव्या हातावर पडले. एमआरआयमध्ये खांद्याची सुप्रास्पायनेटस कंडरा (हात उचलणाऱ्या स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा) आरपार फाटल्याचं आलं, फाट २.२ सेंमी. एक डॉक्टर ‘सिंगल रो’ करू म्हणतात, दुसरे ‘डबल रो’. त्यात अँकर जास्त, खर्चही जास्त. काय निवडावं?

उत्तर : दोन्हींत कंडरेची सुटलेली कड दंडाच्या हाडाच्या उंचवट्यावर आणून दोऱ्यांनी बांधतात. अँकर म्हणजे दोरे ओवलेला छोटा स्क्रू, बहुधा ४.५ ते ५.५ मिमी जाडीचा. सिंगल रोमध्ये अँकर एकाच ओळीत. डबल रोमध्ये एक ओळ आत, सांध्याच्या कूर्चेच्या कडेला, आणि दुसरी उंचवट्याच्या बाहेरच्या अंगाला. आतले दोरे कंडरेवरून आडवेतिडवे ओढून बाहेर अडकवले, की झाला सूचर ब्रिज. कंडरा हाडावर दाबून बसते.

प्रयोगशाळेत डबल रो जास्त ताण सोसते. पण ३ सेंमीच्या आतल्या फाटीत दुखणं आणि हाताचा वापर यांत रुग्णाला फारसा फरक जाणवत नाही. ३ सेंमीच्या पुढे मात्र पुन्हा फाटण्याचं प्रमाण डबल रोमध्ये कमी दिसतं.

खरा निर्णय ऑपरेशनच्या टेबलावर होतो. सर्जन कड चिमट्यात धरून हाडाकडे ओढून पाहतात. सहज आली तर दोन्ही पद्धती चालतील. ओढूनताणून आणावी लागली, तर दोन ओळींचा हट्ट नको. तंग ब्लाउज टाक्यापाशीच उसवतो, तसंच इथे होतं. सिंगल रो फसली तर बहुधा कड हाडापासून सुटते आणि पुन्हा शिवायला कंडरा शिल्लक असते. सूचर ब्रिज जास्त आवळला गेला, तर आतल्या ओळीच्या पलीकडे, कंडरा स्नायूला मिळते तिथे फाटू शकते. मग तुकडा हाडाला चिकटलेला आणि स्नायूकडे टाका घालायला कंडराच नाही. दुसरं ऑपरेशन फार अवघड होतं.

त्यामुळे वडिलांच्या फाटीला, कड मागे सरकलेली नसेल तर, नीट घातलेली सिंगल रो पुरेशी आहे. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा : कड किती मागे गेली आहे? स्नायूत चरबी किती? (ही चरबी मोजणारी गुतालिए श्रेणी ३ किंवा ४, म्हणजे चरबी बरीच, असेल तर कुठलीही शिवण जुळून येण्याची शक्यता कमी.) हाड ठिसूळ आहे का? तसं असेल तर अँकर उपटून येतो. मधुमेह असेल तर साखर आधी आटोक्यात आणा. विडी-सिगारेट आजच बंद, कारण तिने कंडरा हाडाला चिकटणं लांबतं. पडल्याने फाटलेली कंडरा महिनोन्‌महिने तशीच ठेवू नका, ती आखडत जाते.

प्रश्न : आमच्या गावच्या सर्जनकडे दुर्बीण नाही, छेद घेऊन करतात. चालेल का?

उत्तर : हात सरावलेला असेल तर चालेल. ब्रिटनमध्ये पन्नाशीपुढच्या रुग्णांवर झालेल्या ‘यूकफ’ चाचणीत दोन वर्षांनी दोन्ही गटांचे खांदे सारखेच निघाले.

कोणत्याही पद्धतीनंतर ४ ते ६ आठवडे झोळी. या काळात हात स्वतःहून उचलायचा नाही, फिजिओने हलवायचा. ताकदीचे व्यायाम साधारण १२ आठवड्यांनी. दुखणं थांबलं म्हणून तिसऱ्या आठवड्यात फळीवरचा डबा काढायला गेलेला हात टाके तोडू शकतो. अंघोळीला झोळी काढली तर हात अंगालगत सैल लोंबता ठेवा आणि तांब्या दुसऱ्या हाताने घ्या.