लिंक आलीये, सही करू का?

या वेळच्या पत्रांमध्ये बरीचशी एकाच विषयाची निघाली. कुणाचा मुलगा तिकडे, कुणाची सून तिकडे, व्हिसाचे नियम रोज बदलतायत आणि ग्रुपवर कुणीतरी पिटिशनची लिंक टाकून वर हात जोडलेले इमोजी टाकलेत. म्हणून यावेळी बाकीचे प्रश्न (पाणीकपात, सोसायटीतली कुत्री वगैरे) पुढच्या अंकात.

प्रश्न: ताई, माझा मुलगा इंग्लंडला स्किल्ड वर्कर व्हिसावर आहे. पाच वर्षांनी कायमचं राहायला मिळतं या हिशोबाने त्यांनी सगळं जुळवलं, आता म्हणतात दहा वर्षं. त्याविरुद्धच्या पिटिशनची लिंक आमच्या ग्रुपवर आली, थेट पार्लमेंटची आहे म्हणे. पुतणी म्हणते काकू माझा तिकडचा पोस्टकोड टाका आणि करा सही, कोण बघतंय! करू का?
– एक आई, कोथरूड

उत्तर: नका करू. ब्रिटिश पार्लमेंटच्या पिटिशनवर सही फक्त ब्रिटिश नागरिकांना आणि तिथे राहणाऱ्यांना करता येते, तुम्ही कोथरूडला राहता. कोण बघतंय म्हणाल तर पोस्टकोडवरून कुठल्या मतदारसंघातून किती सह्या आल्या त्याचा नकाशाच तिथे सगळ्यांना दिसतो, आणि खोट्या पोस्टकोडच्या सह्या सापडल्या की विरोधकांना आयतं कोलीत मिळतं, मग खऱ्या सह्यांवरही लोक शंका घेतात.

दुसरं म्हणजे ग्रुपवर जुन्या लिंका फिरत राहतात. ही पिटिशन सहा महिनेच उघडी असते. १०,००० सह्या झाल्या की सरकार लेखी उत्तर देतं, १ लाख झाल्या की चर्चेसाठी विचारात घेतात. पाच वर्षांची अट कायम ठेवा अशी मागणी करणारी जी पिटिशन होती तिने लाखाचा टप्पा ओलांडला आणि ८ सप्टेंबर २०२५ ला तिच्यावर वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये चर्चा होऊनही गेली. पण त्या हॉलमधल्या चर्चेने सरकार बांधलं जात नाही हो, खासदार बोलतात, मंत्री उत्तर देतात, संपलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारने दहा वर्षांचाच प्रस्ताव सविस्तर मांडला आणि जे आधीपासून तिथे आहेत त्यांनाही त्यात धरायचं म्हटलं. आणि त्याच साइटवर इमिग्रेशन बंदच करा म्हणणाऱ्या पिटिशनलाही लाखाच्या वर सह्या पडतात, हे आपल्या ग्रुपवर कुणी टाकत नाही.

नुसत्या आकड्याचं म्हणाल तर डोनाल्ड ट्रम्पना ब्रिटनमध्ये येऊच देऊ नका म्हणून ५ लाखांवर सह्या झाल्या होत्या, जानेवारी २०१६ मध्ये चर्चा झाली, आणि २०१८ ला ते राष्ट्राध्यक्ष म्हणून आले, राणीबरोबर चहा घेऊन गेले.

मग मुलाने काय करायचं? त्याला विचारा की बाबा तू तिकडच्या मतदारयादीत आहेस का. भारत कॉमनवेल्थमध्ये असल्यामुळे तिथे व्हिसावर कायदेशीर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देता येतं, आपल्या पोरांतल्या कितीतरी जणांना हे माहीतच नसतं. नाव नोंदवायचं आणि मग आपल्या भागाच्या खासदाराला स्वतःच्या शब्दात पत्र लिहायचं, कॉपी पेस्ट नाही, की मी अमुक काम करतो, इतका टॅक्स भरतो, आलो तेव्हा नियम हा होता. ज्याचं मत आहे त्याच्या पत्राला उत्तर येतं. आणि तुम्ही त्या ग्रुपवर लिहा की ही लिंक आपल्यासाठी नाही. कोथरूडमध्ये एवढं ऐकून घेतात, मग वाद घालतात.

प्रश्न: आमच्या भावकीतला एक मुलगा अमेरिकेत पकडलाय, डिटेन्शनमध्ये आहे. घरचे म्हणतात ऑनलाइन पिटिशन काढू, भारत सरकारवर प्रेशर येईल. एका साइटवर काढली पण आता ती साइट पिटिशन पुढे न्यायला पैसे मागतेय. द्यायचे का?
– एक वाचक, सिंहगड रोड

उत्तर: देऊ नका. ते पैसे पिटिशनच्या जाहिरातीत जातात, त्यातला एक रुपया मुलापर्यंत पोचत नाही. तेच वकिलाला लागणारेत, कारण अमेरिकेत इमिग्रेशन कोर्टात सरकार फुकट वकील देत नाही, आपला आपण बघावा लागतो.

आधी त्याचा ए-नंबर शोधा. एलियन नंबर म्हणतात त्याला, कुठल्याही नोटिशीवर असतो, तो आणि जन्माचा देश टाकला की तिकडच्या इमिग्रेशन खात्याच्या साइटवर तो कुठल्या सेंटरला आहे ते कळतं. फोन झाला तर एकच गोष्ट घोकून घ्या त्याच्याकडून, की पुढे ठेवलेल्या कागदावर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करायची नाही. रिमूव्हल ऑर्डर, म्हणजे देशाबाहेर काढायचा हुकूम, निघाली तर साधारण पाच किंवा दहा वर्षं परत जाता येत नाही, स्वतःहून निघायची परवानगी मिळाली तर ती ऑर्डर टळू शकते. तुम्ही इथे हजार सह्या गोळा कराल आणि तो तिथे घाबरून एक सही करेल, ती एकच सगळ्यांना भारी पडेल.

आपल्या दूतावासाशी बोलण्याचा त्याला हक्क आहे, १९६३ च्या व्हिएन्ना करारात तसं कलमच आहे. तुम्ही परराष्ट्र खात्याच्या मदद पोर्टलवर तक्रार टाका. फक्त त्याने आसरा मागितला असेल म्हणजे असायलमची केस असेल तर दूतावासाकडे जायच्या आधी वकिलाला विचारा.

प्रेशरचं म्हणाल तर ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेच्या लष्करी विमानातून १०४ जण अमृतसरला उतरवले, हातापायात बेड्या होत्या, त्यात आपल्या महाराष्ट्राचेही होते. केवढा गदारोळ झाला. दुसऱ्या दिवशी परराष्ट्रमंत्री जयशंकर राज्यसभेत उभे राहून म्हणाले की डिपोर्टेशन काही नवीन नाही, बेड्यांची पद्धत २०१२ पासूनच्या त्यांच्या नियमात आहे, गैरवागणूक होऊ नये म्हणून आपण बोलतोय. आणि त्याच महिन्यात आणखी विमानं आली. मला ते उत्तर पटलं नव्हतं, आजही पटत नाही, पण आपल्याकडे लाख सह्यांना उत्तर द्यायची सक्ती सरकारवर नाही. लोकसभेत याचिका मांडायची तर खासदाराने त्यावर सही करावी लागते, म्हणजे शेवटी एका माणसाला गाठायचंय. आपल्या खासदाराच्या ऑफिसात ए-नंबर आणि सगळे कागद घेऊन जा, ते परराष्ट्र खात्याला पत्र देतात आणि अशा पत्राला फाइल नंबर लागतो.

अर्ज-विनंत्या पुण्याला नव्या नाहीतच म्हणा. इथली सार्वजनिक सभा ही संस्था १८७० ची, तिच्या सभासदाला आधी ५० माणसांचं मुखत्यारपत्र आणावं लागायचं, मग तो त्यांच्या वतीने बोलणार. आणि परदेशातल्या भारतीयांचाच विषय घ्या, १८९४ ला दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीत भारतीयांचं मत काढून घेणाऱ्या विधेयकाविरुद्ध गांधीजींनी दहा हजारांच्या आसपास सह्या जमवल्या, लंडनने ते विधेयक तेव्हा अडवलं आणि नाताळवाल्यांनी दोन वर्षांत शब्द फिरवून तेच परत आणलं. मग १९१० ला आपल्या गोखल्यांनी कलकत्त्याच्या कौन्सिलात ठराव आणला की नाताळला गिरमिटिया, म्हणजे कराराने बांधलेले, मजूर पाठवणंच बंद करा. तो मंजूर झाला आणि १९११ ला भरती थांबली. मळेवाल्यांना मजूर हवे होते ना, तिथे चिमटा बसला.

प्रश्न: आमच्या शेजारच्या बांधकाम साइटवर बंगाली बोलणारे मजूर राहतात. सोसायटीच्या चेअरमननी वही फिरवलीये, की हे बांगलादेशी आहेत, यांना हाकला, आणि खाली नावं पण लिहिलीत चार-पाच जणांची. मी सही केली नाही तर लिफ्टमध्ये कुणी बोलत नाही.
– नाव नको, वारजे

उत्तर: बरं झालं नाही केलीत.

बेकायदा आलेल्याला बाहेर काढायचा सरकारला पूर्ण अधिकार आहे, त्यात वाद नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन अँड फॉरेनर्स कायदा लागू आहे, १९४६ चा जुना गेला, आणि पासपोर्ट-व्हिसाशिवाय घुसल्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पण कोण परदेशी हे ठरवायला पोलीस आहेत, कोर्ट आहे, तुमची वही नाही. आपण नागरिक आहोत हे दाखवायची जबाबदारी कायद्याने त्या माणसावरच टाकलीये हे खरं, तरी जुलै २०२४ ला आसामच्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नुसत्या संशयावर कुणालाही बोट दाखवून नागरिक असल्याचं सिद्ध कर म्हणता येत नाही, आधी सरकारकडे काहीतरी आधार पाहिजे.

आणि बंगाली बोलतो म्हणून बांगलादेशी? पश्चिम बंगाल कुठे गेलं मग? २०२५ मध्येच महाराष्ट्रातून उचललेल्या काही बंगाली मजुरांना सीमेपलीकडे ढकललं, मग कळलं ते आपलेच नागरिक आहेत, त्यांना परत आणावं लागलं. त्या दिवसांत त्यांच्या घरच्यांवर काय गेलं असेल. आपला पोरगा न्यू जर्सीत पकडला की आपण सुनावणी मागतो, वकील मागतो, माणुसकी मागतो, आणि साइटवरच्या पोराला वहीवर निकालात काढतो. मला याचा राग येतो, लपवत नाही.

चेअरमनना सांगा की खरंच काही माहिती असेल तर चौकीत लेखी द्या, बांधकामवाल्याकडे मजुरांची नोंद आहे का ते पोलीस विचारतील. आधार कार्ड मागत फिरू नका, तसंही आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. आणि नावं लिहून वही फिरवली तर बदनामीची केस होऊ शकते, न्याय संहितेचं कलम ३५६. हे वाक्य लिफ्टमध्ये जरा मोठ्याने म्हणा.

प्रश्न: अमेरिकेच्या नोकरीच्या व्हिसाच्या, म्हणजे एच-वन-बीच्या, एक लाख डॉलर फीविरुद्ध पिटिशनवर सही केलीये, माझं नाव दिसतं तिथे. व्हिसाला त्रास होईल का?
– हिंजवडीतला एक इंजिनियर

उत्तर: अरे, सही करणं हा गुन्हा नाही, पण त्या सहीने फी पण जाणार नाही. ती सप्टेंबर २०२५ च्या ट्रम्प यांच्या आदेशातून आलीये, भांडण तिकडच्या कोर्टात चालू झालंय, ते लढतायत कंपन्या आणि संघटना, कारण पैसे त्यांना भरायचेत. तू फॉर्मकडे बघ. डीएस-१६० या व्हिसाच्या अर्जात मागच्या पाच वर्षांतली सोशल मीडियाची हँडल्स विचारतात आणि १५ डिसेंबर २०२५ पासून एच-वन-बी आणि एच-फोरवाल्यांचंही (म्हणजे त्यांच्या बायको/नवरा-मुलांचंही) ऑनलाइन सगळं तपासतात, प्रोफाइल पब्लिक ठेवायला सांगतात. एखादं जुनं हँडल मुद्दाम लपवलंस आणि सापडलं तर ते खोटी माहिती देणं धरतात, त्याने कायमचा व्हिसा अडकू शकतो. सगळी लिही, कॉलेजातलं ते मीम पेज पण.