साहेबांची चौकशी संपायची वाट पाहू नका

प्रश्न : माझा धाकटा भाऊ सातारा जिल्ह्यात मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. 80,000 रुपयांच्या उसनवारीवरून एकाने त्याच्याविरुद्ध पोलिसांत अर्ज दिला. ठाण्यात बोलावून त्याला रात्रभर बसवून ठेवलं, पट्ट्याने मारलं आणि ‘महिन्याभरात पैसे देतो’ असं लिहून घेऊन सकाळी सोडलं. अटक दाखवलेली नाही. दुसऱ्या दिवशी ग्रामीण रुग्णालयात दाखवलं, तो केस पेपर आहे. मी पोलीस अधीक्षकांकडे तक्रार केली. साडेचार महिने झाले, ‘चौकशी चालू आहे’ एवढंच ऐकतेय. निकाल लागला की भरपाईचा दावा लावू, असं ठरवलंय. बरोबर आहे ना?

उत्तर : नाही ताई, इथेच गफलत होतेय. ती चौकशी खात्याची आहे. तिच्यात तुमचा भाऊ फार तर साक्षीदार. दोष सिद्ध झाला तर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 25 खाली त्या अधिकाऱ्याला दंडापासून बडतर्फीपर्यंत काहीही होऊ शकतं, पण भावाच्या हातात त्यातून रुपयाही पडत नाही.

आणि तोवर मुदत काही थांबत नाही. याच अधिनियमाचं कलम 161 अशिलांना क्वचितच ठाऊक असतं. समोरच्या वकिलांना मात्र तोंडपाठ. कर्तव्याच्या नावाखाली किंवा अधिकाराबाहेर जाऊन केलेल्या कृत्याबद्दल पोलिसावर भरपाईचा दिवाणी दावा किंवा फौजदारी खटला लावायचा, तर घटनेपासून सहा महिन्यांत. राज्य सरकारची पूर्वपरवानगी घेतली तर खटला घटनेपासून दोन वर्षांपर्यंत लावता येतो. दाव्याला ही सवलत नाही. उलट दाव्याआधी त्या अधिकाऱ्याला निदान एक महिन्याची नोटीस द्यावी लागते. शासनालाही प्रतिवादी करायचं (आणि करायचंच, पैसे तिथूनच निघतात), तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस. तुमच्या हाताशी उरलाय दीड महिना.

मुदत अधिनियमाच्या कलम 15 नुसार नोटिशीचा काळ मुदतीत धरला जात नाही. म्हणून नोटीस याच आठवड्यात निघाली पाहिजे : एक अधिकाऱ्याला, एक जिल्हाधिकाऱ्यांना, दोन्ही नोंदणीसह स्पीड पोस्टाने. तारीख, वेळ, कोणी काय केलं, मागणी किती, सगळं तपशिलात. सही भावाची, कारण वादी तो आहे.

आता कोणी सांगेल, ‘मारहाण हे कर्तव्यच नाही, मग 161 लागतंच कुठे?’ मुद्दा खरा आहे. महाराष्ट्र राज्य विरुद्ध आत्माराम या 1966 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कबुलीसाठी केलेली मारहाण आणि डांबून ठेवणं ‘कर्तव्याच्या नावाखाली’ मानलं नाही. पण 1963 च्या दुसऱ्या निकालात खोट्या पंचनाम्याला हेच कलम लागू झालं होतं. तुमच्या प्रकरणात मारहाणही आहे आणि लिहून घेतलेला कागदही. आत्मारामचा निकाल युक्तिवादासाठी जपून ठेवा. त्याच्या जोरावर मुदत चुकवू नका.

फौजदारी बाजू तुमची भक्कम आहे. पैशाची मागणी पुरी करायला भाग पाडण्यासाठी दुखापत करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 120 चा गुन्हा, सात वर्षांपर्यंत शिक्षेचा. बेकायदा डांबल्याबद्दल कलम 127. अधीक्षकांकडे केलेल्या तक्रारीत ‘गुन्हा नोंदवा’ असं स्पष्ट लिहिलंय का, पाहा. नसेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम 173(4) खाली तसा नवा अर्ज द्या, पोच घ्या, आणि तरीही नोंदवला नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जा. आरोपी लोकसेवक आहे म्हणून तिथे आधी वरिष्ठांचा अहवाल मागवला जाऊ शकतो. त्याने घाबरून जायचं कारण नाही.

नोटिशीच्या बरोबरीने त्या रात्रीचं सीसीटीव्ही चित्रीकरण जपून ठेवण्याचा लेखी अर्ज ठाण्याला आणि अधीक्षकांना द्या. सर्वोच्च न्यायालयाच्या 2 डिसेंबर 2020 च्या परमवीर सिंग सैनी निकालानुसार चित्रीकरण 18 महिने, आणि ती सोय नसली तरी किमान एक वर्ष ठेवायचं आहे. ‘कॅमेरा बंद होता’ हे उत्तर बहुधा येईलच. ते तोंडी ऐकून परत फिरू नका, माहिती अधिकारात लेखी मिळवा. अटक न दाखवता माणूस रात्रभर आत आणि नेमका तेव्हाच कॅमेरा बंद, हे न्यायालयापुढे बोलकं ठरतं.

राज्य मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून वर्षाच्या आत अर्ज करता येतो. आयोग भरपाईची शिफारस करू शकतो. पोलीस तक्रार प्राधिकरणही आहे, अर्ज जरूर करा, पण दाव्याला तो पर्याय नाही. थेट उच्च न्यायालयात रिट (मूलभूत हक्क मोडल्याबद्दलची याचिका) करूनही भरपाई मिळते, मात्र घटना कागदावरून दिसावी लागते; तुमच्याकडे आज फक्त केस पेपर आहे, म्हणून मी दावाच सुचवेन. रिटची वेळ आलीच, तर 18 ऑगस्ट 2025 पासून सातारा जिल्ह्याचं काम उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहे. भावाचं वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून मोफत वकील मिळेल.

तो लिहून घेतलेला कागद धाकाखालचा आहे. करार अधिनियमाच्या कलम 19 नुसार भाऊ तो नाकारू शकतो, पण धनकोला तसं पत्राने कळवायला हवं. त्याच्यापोटी एखादाही हप्ता देऊ नका. उसने खरंच बाकी असतील तर तो हिशेब दिवाणी न्यायालयात होईल, ठाण्यात नाही.

आणि भावाला चौकशीत जबाबाला बोलावलं तर त्याने जावं, शब्दन् शब्द वाचूनच सही करावी. शेवटी ‘माझे समाधान झाले असून काही तक्रार नाही’ अशी ओळ हमखास घातलेली असते.