वाचक विचारतात : ईस्टर

ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ लागला की ईस्टरविषयीची पत्रं वाढतात. ख्रिस्ती वाचक लिहितात, तसे त्यांचे शेजारीही लिहितात. त्यांतली काही निवडून इथे घेतली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

ख्रिसमस ठरलेल्या तारखेला येतो, मग ईस्टर का सरकतो? जोतिबाच्या यात्रेच्या आसपास येतो हा योगायोग का? — एक वाचक, शाहूपुरी

योगायोग नाही, दोन्ही सण पौर्णिमेला बांधलेले आहेत. येशूला क्रुसावर दिलं ते यहुद्यांच्या वल्हांडण सणाच्या दिवसांत, आणि वल्हांडण पौर्णिमेचा सण. इ.स. ३२५ मध्ये नायसियाच्या परिषदेने सगळ्या मंडळ्यांनी ईस्टर एकाच रविवारी पाळावा असं ठरवलं. मोजणी अशी : २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची, तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. पौर्णिमाच रविवारी आली तर आणखी एक आठवडा थांबायचं. म्हणून ईस्टर २२ मार्चच्या आधी येत नाही आणि २५ एप्रिलच्या पुढे जात नाही.

बहुतेक वेळा ही पौर्णिमा चैत्राची, म्हणजे जोतिबाच्या यात्रेची, असते. २०२६ मध्ये चैत्र पौर्णिमा २ एप्रिलला, गुड फ्रायडे ३ ला आणि ईस्टर ५ ला. पण २०२४ मध्ये होळीची पौर्णिमाच २१ मार्चनंतर आली, त्यामुळे ईस्टर ३१ मार्चला, धुळवडीच्याच आठवड्यात उरकला आणि जोतिबाची यात्रा तीन आठवड्यांनी भरली.

पंचांग घेऊन मोजायला बसलात तर एखाद्या वर्षी फसाल. चर्च आकाशातली नाही, जुन्या कोष्टकातली पौर्णिमा धरतं. २०१९ मध्ये आपल्याकडे पौर्णिमा २१ मार्चला सकाळी संपली, कोष्टकात मात्र ती २० ची होती. एका दिवसाच्या फरकाने ईस्टर थेट २१ एप्रिलला गेला.

शुक्रवारी दुपारी मृत्यू आणि रविवारी पहाटे कबर रिकामी. दोन रात्रीच होतात. मग ‘तिसऱ्या दिवशी उठला’ कसं? — जयसिंगपूर

यहुद्यांचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो आणि दिवसाचा तुकडाही पूर्ण दिवस धरतात. शुक्रवार मावळण्याआधी दफन झालं, तो पहिला. शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा विश्रांतीचा शनिवार, दुसरा. शनिवारच्या सूर्यास्तापासून तिसरा. कोल्हापूरकरांना हे वेगळं शिकवायला नको. रक्षाविसर्जनाचा तिसरा दिवस अनेक घरांत पहिला दिवस धरूनच मोजतात.

त्या पहाटे बायका सुगंधी द्रव्यं घेऊन कबरेकडे निघाल्या, त्या राहिलेला अंत्यविधी पुरा करायला. पुनरुत्थानाची वाट पाहत तिथे कोणीच गेलं नव्हतं. पुढच्या एका पत्राला हे लागणार आहे.

पुनरुत्थान म्हणजे आपल्याकडचा पुनर्जन्म, की संजीवन समाधीसारखं काही? आणि दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या घटनेचं आज काय? — राजारामपुरी

दोन्ही नाही. पुनर्जन्मात जीव जुना देह टाकून नवा घेतो. समाधीत योगी आपल्या इच्छेने देह ठेवतो. शुभवर्तमानांतला, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांतला, येशू मारला गेला, राज्यकर्त्यांच्या हुकमाने, गुन्हेगारांच्या रांगेत. आणि उठला तो तोच, हातांवर खिळ्यांचे वण आणि कुशीत भाल्याची जखम घेऊन.

तिसरी एक गल्लत ख्रिस्ती घरांतही होते. लाजराला येशूने कबरेतून बाहेर बोलावलं, तसंच हे, असं लोक समजतात. लाजर जुन्याच आयुष्यात परतला, त्याला पुढे पुन्हा मरायचंच होतं. येशूचं तसं नाही, त्याच्यावर आता मरणाची सत्ता उरली नाही असं प्रेषित पौल बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात लिहितो. म्हणून पुनरुत्थानानंतरचे प्रसंग थोडे चमत्कारिक वाटतात. दारं बंद असताना तो आत येतो. अम्माऊसच्या वाटेवर दोघं शिष्य त्याच्याबरोबर चालतात, बोलतात, तरी भाकर मोडेपर्यंत त्याला ओळखत नाहीत. पण भूत म्हणावं तर तो खायला मागतो आणि भाजलेल्या माशाचा तुकडा सगळ्यांसमोर खातो. देह तोच आणि तरी वेगळा, हे दोन्ही सांभाळावं लागतं. एक बाजू सोडली की एकतर भुताची गोष्ट उरते, नाहीतर शुद्धीवर आलेल्या रोग्याची.

आज काय, याची आम्हाला दिसणारी दोन उत्तरं. ज्याला सत्तेने आणि धर्मपुढाऱ्यांनी मिळून दोषी ठरवलं, त्याच्या बाजूने देवाने निकाल दिला. चिरडल्या गेलेल्या माणसाला ईस्टरमध्ये पहिल्यांदा हे ऐकू येतं. दुसरं असं की देवाने फक्त आत्मा वाचवून देह टाकून दिला नाही. मग रोग्याचा देह आणि भुकेल्याचं पोट या खालच्या दर्जाच्या गोष्टी आहेत असं ख्रिस्ती माणसाला म्हणता येत नाही. मिशनने १८९४ मध्ये उभारलेलं मिरजेचं वॉनलेस हॉस्पिटल याच श्रद्धेच्या घराण्यातलं.

ईस्टर म्हणजे ‘आशेचं प्रतीक’ एवढंच सांगून काही प्रवचनं मोकळी होतात. पौलाने ती पळवाट ठेवलेली नाही. ख्रिस्त उठवला गेला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ, हे करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १५ व्या अध्यायात त्याने स्वच्छ लिहून ठेवलं आहे. शेजाऱ्यांशी बोलणं निघालं तर हा अध्याय त्यांच्याबरोबर वाचा. पटेल न पटेल, ख्रिस्ती श्रद्धेचं म्हणणं नेमकं काय ते तरी त्यांना कळेल.

माझे मालक डिसेंबरात वारले. ईस्टरच्या पहाटे सगळे आनंदाची गीतं गातात. माझ्या तोंडातून शब्द फुटणार नाही. गेले नाही तर तो अविश्वास का? जाऊबाई म्हणतात, वर्षभर सण नको. — गडहिंग्लज

नाही, ताई. मार्कच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या शतकातल्या दोन जुन्या प्रती आहेत, सिनाईची आणि व्हॅटिकनची. त्यांत ते १६ व्या अध्यायाच्या आठव्या ओवीवर थांबतं : बायका थरथरत पळाल्या, आणि भीतीमुळे त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. पहिल्या ईस्टरला गीत नव्हतं. योहानाच्या २० व्या अध्यायात मग्दालीया मरीया कबरेशी रडत उभी आहे. येशू तिला ‘रडू नकोस’ म्हणत नाही. ‘का रडतेस?’ असं विचारतो आणि नावाने हाक मारतो. उठलेल्या प्रभूला सर्वांआधी पाहिलं ते रडून डोळे सुजलेल्या बाईने. लाजराला उठवणार हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरेपाशी रडलाच. तेव्हा ‘ते चांगल्या जागी गेले, आता डोळे पुसा’ म्हणणाऱ्यांचं मन मोडू नका, पण त्यांचं ऐकायलाच हवं असंही नाही.

वर्षभर सण नको हा आपल्या भागातला रिवाज आहे, ख्रिस्ती नियम नाही. घरात मृत्यू झाला म्हणून प्रभुभोजनाला बंदी नसते.

जायचं ठरवलंत तर मागच्या बाकावर, दाराजवळ बसा. मधेच उठावंसं वाटलं तर कोणाला ओलांडावं लागणार नाही. गाऊ नका. मंडळी असते ती यासाठीच, ज्याला गाता येत नाही त्याच्या वाटचं इतर गातात. नाहीच जमलं तर शनिवार तुमचा आहे. त्या दिवशी प्रभू कबरेत आहे आणि चर्चला काही साजरं करायचं नसतं. स्तोत्र ८८ वाचा. त्यात शेवटच्या ओळीपर्यंत उजेड येत नाही, तरीही ते पवित्र शास्त्रात आहे आणि ते देवाशीच बोलतं. काही मंडळ्यांत ईस्टरच्या पहाटे कबरस्तानात जातात. तुमच्याकडे तशी पद्धत असेल तर गवत काढणं, कबर धुणं शनिवारी दिवसाउजेडी करून घ्या आणि पहाटे कोणाला तरी सोबत न्या.

मी प्रोटेस्टंट मंडळीत वाढले, सासर कॅथलिक आहे. यंदा प्रथमच शनिवार रात्रीच्या जागरण विधीला जाणार. काय होतं, मी काय करायचं? — ताराबाई पार्क

हा विधी अंधार पडल्याशिवाय सुरू होत नाही, आणि दीड ते अडीच तास चालतो. मुलांना दुपारी झोपवून घ्या.

सुरुवात बाहेर, अग्नीपाशी. फादर पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, मोठ्या मेणबत्तीवर क्रूस, ग्रीक वर्णमालेतलं पहिलं आणि शेवटचं अक्षर आणि चालू वर्षाचे चार आकडे कोरतात. तिच्यात धुपाचे पाच खडे बसवतात, ते पाच जखमांचे. विजयाची मेणबत्ती, पण जखमांसकट. अख्ख्या विधीत एवढी एकच गोष्ट नीट पाहिलीत तरी रात्र वाया गेली नाही. मग ती अंधाऱ्या चर्चमध्ये नेतात, तीनदा थांबून ख्रिस्ताच्या प्रकाशाची घोषणा होते आणि लोक देवाला धन्यवाद देतात. तिच्यावरून सगळ्यांच्या छोट्या मेणबत्त्या पेटतात.

इथे नवखा माणूस हमखास चुकतो. पेटलेली मेणबत्ती सरळच धरायची, न पेटलेली तिच्याकडे तिरपी करायची. उलटं केलं की तापलेलं मेण शेजाऱ्याच्या हातावर सांडतं. खाली पुठ्ठ्याची चकती असू द्या, पदर खोचून घ्या, आणि डोक्यावरचा पंखा तेवढा वेळ बंद करायला सांगा.

नंतर बसून ऐकायचं. जुन्या करारातली सात वाचनं ठरलेली आहेत. कमी करता येतात, पण तीनच्या खाली नाही, आणि तांबड्या समुद्रातून पार होण्याचं, निर्गम १४, कधीच गाळत नाहीत. मग घंटा वाजतात, दिवे लागतात, रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय वाचतात आणि उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारपासून बंद असलेला ‘आलेलुया’ हा स्तुतीचा घोष परत येतो.

यापुढचा भाग तुमचाही आहे. पाणी आशीर्वादित होतं आणि सगळे आपल्या बाप्तिस्म्याची वचनं पुन्हा घेतात. कॅथलिक लोक त्याला स्नानसंस्कार म्हणतील. पाण्याने आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला तुमचा बाप्तिस्मा कॅथलिक चर्च मानतं, पुन्हा देत नाही. तेव्हा वचनं मोठ्याने म्हणा. ख्रिस्ताबरोबर पुरले गेलो आणि त्याच्याबरोबर नव्या जीवनात चालायचं, हे पौलाचं म्हणणं त्या रात्री प्रत्येकाला स्वतःच्या तोंडाने कबूल करावं लागतं. सणाचा कणा इथे आहे, नव्या कपड्यांत नाही.

कम्युनियन, म्हणजे प्रभुभोजन, मात्र साधारणपणे कॅथलिकांनाच देतात. रांगेत उभं राहून ऐनवेळी अवघडण्यापेक्षा फादरना आठवडाभर आधी विचारा. आशीर्वादासाठी पुढे येण्याची पद्धत अनेक ठिकाणी असते. आणि रविवारी पहाटे माहेरच्या मंडळीच्या उपासनेला जायला कोणाची आडकाठी नसावी.

चाळीस दिवस मटण सोडतो, चहा सोडतो. ईस्टरला तांबडा-पांढरा होतो आणि सोमवारी सगळं पूर्वीसारखं. आत काही बदललं असं वाटत नाही. — कसबा बावडा

तांबड्या-पांढऱ्याचा दोष नाही, तो जेवा. गफलत हिशेबात आहे. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत दिवस होतात ४६, त्यातले सहा रविवार उपवासाचे नाहीत, म्हणून ४०. ईस्टरचा काळ मात्र पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणापर्यंत, ५० दिवस चालतो. उपवासकाळात काय सोडायचं याची यादी आपल्याकडे असते, पुढच्या पन्नास दिवसांत काय धरायचं याची नसते. मग सोमवारी जुनीच सवय रिकाम्या जागेत येऊन बसते.

पहिलं काम पैशाचं. दिवसाला दहा रुपयांचे दोन चहा सोडले असतील तर चाळीस दिवसांचे ८०० रुपये वाचले. ते खिशात विरघळण्याआधी, ईस्टरच्या आठवड्यातच, गरजूला द्या.

दुसरं अवघड आहे. योहानाचा २१ वा अध्याय काढा. येशूचा शिष्य पेत्र याने कोळशाच्या शेकोटीपाशी येशूला तीनदा नाकारलं होतं. उठलेला येशू किनाऱ्यावर पुन्हा कोळसेच पेटवतो, आधी न्याहारी देतो, आणि मग तीनदा विचारतो, ‘माझ्यावर प्रीती करतोस का?’ जुन्या गोष्टीवर पांघरूण घालत नाही, आणि जेवण माफीनंतर देईन असंही म्हणत नाही. बांधावरून, वाटणीवरून किंवा लग्नातल्या मानपानावरून बोलणं तुटलेलं एकच माणूस निवडा. त्याच्या घरी जा किंवा त्याला जेवायला बोलवा. चर्चच्या आवारात सगळ्यांदेखत हात मिळवू नका, तो समेट घरापर्यंत टिकत नाही. ‘आधी त्याने माफी मागावी’ इथेच बहुतेकांचे पन्नास दिवस संपतात. मात्र जिथे मारहाण किंवा छळ झाला आहे तिथे परत जाणं हा ईस्टरचा अर्थ नव्हे; अशा वेळी पाळकांशी बोला आणि सुरक्षित राहा.

तिसरं वाचन. लूक २४, योहान २० आणि २१, करिंथकरांस पहिल्या पत्राचा १५ वा अध्याय, मग प्रेषितांची कृत्ये, सगळे २८ अध्याय. एकूण बत्तीस अध्याय, पन्नास दिवस. मधे अठरा दिवस चुकले तरी पुरं होतं.

संडे स्कूलच्या मुलांसाठी अंडी रंगवायची आहेत. बाजारातले रंग नकोत. आणि अंड्यांचा ईस्टरशी संबंध काय सांगू? — उचगाव

संबंध साधा आहे. मध्ययुगात युरोपात उपवासकाळात अंडी खात नसत, कोंबड्या मात्र घालायच्या थांबत नसत, आणि साठलेली अंडी ईस्टरला निघत. पूर्वेकडच्या मंडळ्यांत ती ख्रिस्ताच्या रक्ताची खूण म्हणून तांबडी रंगवतात. बंद कबरेचा अर्थही त्याला जोडतात. मुलांना एवढं पुरे. ईस्टरच्या सशाची गोष्ट सोडून द्या.

बारा पांढऱ्या अंड्यांना चार मुठी कांद्याची टरफलं, दीड लिटर पाणी. अर्धा तास उकळून गाळा आणि पूर्ण गार होऊ द्या. तीन चमचे व्हिनेगर घाला, नाहीतर रंग नीट धरत नाही. अंडी फ्रिजमधून तासभर आधी काढून, पुसून त्यात एका थरात ठेवा आणि मंद आचेवर उकळी आणा. गार अंडी गरम पाण्यात सोडली की तडकतात. उकळी आल्यावर बारा मिनिटं. तांबूस तपकिरी रंग येतो. गडद हवा असेल तर त्याच पाण्यात रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. गावरान अंड्यांवर रंग आणखी गडद बसतो. वाळल्यावर तेलाचं बोट फिरवलं की चकाकतात.

एप्रिलच्या उन्हात उकडलेली अंडी तासाभराहून जास्त बाहेर ठेवून मुलांना खायला देऊ नका. लपवाछपवीचा खेळ खेळायचा असेल तर ती अंडी वेगळी ठेवा आणि खायची वेगळी. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतात, तडकलेली आधी संपवा.