बोटीच्या पारदर्शक प्लास्टिकच्या पडद्यांवरचे चरे कसे काढायचे?

चऱ्यावरून नख फिरवा. नख अडकलं नाही तर चरा पॉलिशने बराचसा जाईल. अडकलं तर तो फार तर फिका होईल, जाणार नाही. आणि पडद्यावर कारखान्यातून आलेलं कोटिंग असेल तर यातलं काहीच करायचं नाही. म्हणून पॉलिशची डबी उघडण्याआधी पडदा कशाचा आहे ते शोधा.

गुंडाळता येणारा मऊ पडदा म्हणजे व्हिनाइल, म्हणजेच मऊ केलेलं पीव्हीसी. वाकतो पण दुमडत नाही, असा ताठ पत्रा असेल तर तो अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेट. व्हिनाइलमध्येही साधं आणि कोटिंगवालं असे दोन प्रकार येतात. स्ट्राटाग्लास हे कोटिंगवाल्यातलं ठळक नाव. त्यावर पॉलिश घासलं की चऱ्याआधी कोटिंगच जातं, तेही ठिपक्याठिपक्यांनी, आणि मग पडदा पूर्वीपेक्षा वाईट दिसतो. अशा पडद्याला बनवणाऱ्यानेच सांगितलेली द्रव्यं वापरावीत. पॉलिकार्बोनेटवरही बहुधा कडक थर असतो, तिथेही हाच नियम. पडदा कुठला ते कळत नसेल तर शिवणाऱ्याला विचारा. तोही सापडत नसेल तर कोटिंग आहे असंच धरून चाला.

तुम्ही लिहिलंय की सकाळ-संध्याकाळी सूर्य समोर आला की काहीच दिसत नाही आणि कुणीतरी टूथपेस्ट लावायला सांगितली आहे. टूथपेस्ट दात घासायला ठेवा. तिच्यातले कण किती बारीक आहेत याचा तुम्हाला पत्ता नसतो. समोरचं न दिसण्यामागे मात्र चऱ्यांइतकाच मिठाचा थरही असू शकतो. आधी गोड्या पाण्याची भरपूर धार सोडा, हात न लावता. वाळलेल्या मिठाचे खडे फडक्याखाली आले की नवे चरे तुम्हीच पाडता. मग पाण्यात थोडा सौम्य साबण घालून मऊ फडक्याने अलगद धुवा आणि पुन्हा पाणी ओता.

पडदा ओला असतानाच त्यातून पाहा. चरा दिसतो तो त्याच्या कडांवर प्रकाश विखुरतो म्हणून. पाणी त्या खाचेत भरलं की विखुरणं कमी होतं, कारण पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचं माप) १.३३ आहे आणि पीव्हीसीचा साधारण १.५३, हवेपेक्षा पाणी प्लास्टिकला बरंच जवळचं. ओल्यात जे चरे नाहीसे होतात ते उथळ, तिथे मेहनत फळेल. ओल्यातही ठळक दिसतात ते सोडून द्या. पडदा ओल्यातही दुधाळ किंवा पिवळसर दिसत असेल तर बिघाड आतला आहे. उन्हाने प्लास्टिकच बदललंय, वरून घासून काही होणार नाही.

आता साध्या, कोटिंग नसलेल्या व्हिनाइलबद्दल. पडदा चेन उघडून काढा आणि सपाट टेबलावर स्वच्छ मऊ कापड अंथरून त्यावर ठेवा. लटकत्या पडद्यावर घासलं की तो मागे ढकलला जातो आणि दाब एकसारखा पडत नाही. प्लास्टिकसाठीचंच पॉलिश घ्या. नोव्हस या ब्रँडचं दोन नंबर बारीक चऱ्यांसाठी असतं, एक नंबर शेवटच्या सफाईसाठी. मेग्वायर्सच्या सतरा आणि दहा नंबरच्या बाटल्याही अशाच जोडीने वापरतात: आधी सतरा, मग दहा. कोपऱ्यात एका चऱ्यावर करून बघा आणि मगच मधल्या भागाकडे वळा. फडकं मायक्रोफायबरचं किंवा जुन्या सुती बनियनचं चालेल. कागदी टॉवेल नको, त्यानेही चरे पडतात.

घासायचं ते चऱ्यापुरतं नाही, त्याच्या आजूबाजूलाही हातभर. एकाच ठिकाणी रगडलं तर तिथे खळगा होतो, आणि त्यातून पलीकडची दुसरी बोट पाण्यावर डुलायच्या आधीच डुलायला लागते. हात हलका ठेवा, पॉलिश वाळू देऊ नका, मधूनमधून पुसून उजेडाकडे धरून बघा. मशीनचा मोह मला तरी पटत नाही. मऊ व्हिनाइल घर्षणाने चटकन तापतं आणि तापलं की पृष्ठभाग ओढला जातो. अ‍ॅक्रिलिकचं वेगळं आहे. तिथे खोल चऱ्यालाही पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर चालतो, हजार नंबरपासून क्रमाने तीन हजारपर्यंत, आणि मग पॉलिश. मऊ व्हिनाइलवर पॉलिश पेपर फिरवलात तर धुरकटपणा कायमचा.

हीट गनने चरे वितळवण्याचे व्हिडिओ दिसतात. हात बसलेल्या माणसाला ते जमतही असेल, पण पडदा आकसून शिवणीपाशी सुरकुतला की त्यावर उपाय नाही. अमोनियावाला काचक्लीनर, अल्कोहोल, थिनर, अ‍ॅसिटोन यांपैकी काहीही लावू नका. व्हिनाइल मऊ ठेवणारी द्रव्यं त्याने निघून जातात आणि पडदा कडक, ठिसूळ होतो. अ‍ॅक्रिलिक-पॉलिकार्बोनेटला बारीक तडे जातात.

सगळे पडदे नव्यासारखे करण्याच्या मागे लागू नका. सुकाणूवर उभं राहून डोळ्यांसमोर जेवढं येतं तेवढाच भाग महत्त्वाचा. बाजूच्या आणि मागच्या पडद्यांवरचे चरे राहिले तरी बोट चालवताना फारसं अडत नाही. तिरक्या उन्हात एकदा उभे राहा आणि चकाकी जिथून येते तिथे चिकटपट्टीने खूण करा. काम तेवढ्याच चौकोनाचं.

यापुढे पडदे गुंडाळताना मध्ये मऊ कापड घाला. प्लास्टिक प्लास्टिकवर घासतं आणि अडकलेला वाळूचा कण रेघा मारत जातो. घडी घालू नका, थंडीत तर मुळीच नाही. गार व्हिनाइल दुमडलं की तडकतं.

समोरच्याच पडद्यावर खोल चरे असतील तर कारागिराकडून फक्त पारदर्शक भाग उसवून बदलून घ्या. कापडी कड आणि चेन चांगली असेल तर तीच परत शिवता येते. दोरा मात्र नवा, ऊन सोसणारा घ्यायला सांगा, कारण अनेकदा पडद्याआधी शिवणच कुजलेली असते. आणि माप जुन्या पडद्यावरून नव्हे, बोटीवर ताणून घ्यायला लावा. जुना पडदा उन्हाने आकसलेला असतो.